फोटोच्या जागी लावायचं कापड

तू जाऊन आठवडाही झाला नव्हता, अव्या, तोवर मी तुझ्या शेवटच्या कापडाला इस्त्री केली.

साधीसुधी नाही, वाफेची. आधी पाणी शिंपडलं. मग उलट्या बाजूने, मग सुलट्या बाजूने. रेशमाची चिमूट धरून, तिला दोऱ्याचे वेढे आवळून, निळीत बुडवून तू त्या कापडावर जे शेकडो छोटे छोटे सुळके उभे केले होतेस, ज्यांच्यावरून हात फिरवला की फणसाच्या सालीची आठवण यायची, ते सगळे मी भुईसपाट केले. आणि खोटं कशाला सांगू, करताना मला जरा बरंच वाटत होतं.

वहिनींनी मला दोनच कामं दिली होती. रविवारी लोक भेटायला येणार, तर खुर्च्या आणायच्या आणि बैठकीच्या खोलीत हे कापड भिंतीवर लावायचं. तू त्यांना बजावून ठेवलं होतंस, "माझा फोटो लावायचा नाही. चंदनाचा हार नाही, लुकलुकणारा दिवा नाही. त्या जागी हे लावा." खुर्च्या मी बिनचूक आणल्या. मग शनिवारी सकाळी कपाटातून कापड काढलं, तर मधोमध घडी पडलेली. म्हटलं, एवढी घडी तेवढी मोडावी. घडी मोडली. पण आता तिच्या दोन्ही बाजूंचं जास्तच चुरगळलेलं दिसायला लागलं, म्हणून जरा इकडे, जरा तिकडे. पुढचं तू ओळखशील. पलीकडच्या खोलीत वहिनी फोनवर कुणाला तरी पुन्हा तेच सांगत होत्या, "नाही, त्रास नाही झाला, झोपेतच." मला ते ऐकायचं नव्हतं. इस्त्री फुसफुसत होती तोवर ऐकू येत नव्हतं. म्हणून मी ती फिरवत राहिलो.

तुझी कापडं मी काय आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो? इतकी वर्षं तुझ्या भिंतींवर पाहत आलो. जिन्यात लावलेलं एक तर माझ्या कोटाच्या बटणात अडकून दोनदा खाली आलं. पण माझ्या गाढवपणाला अनुभव कधी आड येत नाही, हे तुझंच म्हणणं.

तन्वी दारात येऊन उभी राहिली. एडिनबराहून आल्यापासून तुझी ही इथेच इंग्लंडात वाढलेली लेक एकदाही रडली नव्हती. क्रिमेटोरियममध्ये तुझ्या पेटीसमोरचा पडदा सरकला तेव्हाही नाही. आल्यागेल्याला चहा देत होती, थँक यू म्हणत होती, आणि वहिनींना त्याचीच काळजी लागली होती.

"काका, स्टॉप," ती म्हणाली. मग ओरडून, "स्टॉप इट!"

मी इस्त्री उचलली. ती पुढे आली, कापडावर तळवा ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली.

"हा कापड गरम आहे," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "बाबाचे बोटं होते यात. गेले सगळे."

मग ती रडली. इस्त्रीच्या बोर्डावर डोकं टेकून, लहान असताना रडायची तशी. पोरगी एकदाची मोकळी झाली, याचं थोडं श्रेय आपल्याला घेता येईल का, असा एक विचार माझ्या डोक्यात येऊन गेला. हे तुला सांगतो. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

पण ती म्हणाली ते खरं होतं. एकेक सुळका म्हणजे तुझी एकेक चिमूट. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधली जागा, तेवढ्याच आकाराची, कापडात उरलेली. फोटोत काय असतं? तुझा ब्लेझर आणि तुझं खोटं हसू. यात तुझा हात दिसत होता. आणि तो आता रविवारी भिंतीवर दिसणार नव्हता. दुसरं करायची सोयही नव्हती, कारण करणारा गेला होता आणि पाठोपाठ निळीचं पिंपही गेलं होतं. मी गराजमध्ये जाऊन झाकण काढून पाहिलं. आतली आंबवलेली नीळ जिवंत राहायला त्याला कोंडा खायला घालावा लागतो, आणि शेवटच्या त्या दिवसांत ते कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. वर नेहमीची तांब्यासारखी झाक नव्हती. नुसतं काळं, गार पाणी.

ते पिंप घरात आलं तेव्हा मी किती हसलो होतो! डॉट कॉमचा फुगा फुटला, ऑफिसात रिडंडन्सीची, म्हणजे नोकरकपातीची लाट आली, तुझी नोकरी गेली आणि माझी राहिली. दोघांत कामाचा कोण, हे आपल्या दोघांना माहीत होतं. मॅनेजरला माहीत नव्हतं, एवढंच. घरी बसून वहिनींचं डोकं खाऊ नये म्हणून तू संध्याकाळच्या क्लासला नाव घालायला गेलास. गाडी दुरुस्तीच्या वर्गात जागा उरली नव्हती. जागा होती ती जपानी पद्धतीने कापड रंगवण्याच्या वर्गात. सगळ्या इंग्रज आज्या आणि त्यांच्यात तू. पहिल्याच आठवड्यात एक रुमाल नाचवत माझ्याकडे आलास. निळ्यावर पांढरी कडी, कोळ्याच्या जाळ्यासारखी.

"शिबोरी," तू म्हणालास.

"बांधणी," मी म्हणालो.

तिथून जे भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही.

"अरे, जामनगरची बाई हेच करते. नखाने उचलते, दोरा बांधते, रंगात बुडवते. त्यासाठी तुला जपान कशाला लागतं?"

"बांधणीत ठिपका महत्त्वाचा, मध्या. दोरा सोडला की काम संपलं. इथे दोरा सोडल्यावर कापड जे लक्षात ठेवतं, ते खरं काम."

"माझ्या आईची बांधणीसुद्धा दुकानातून अशीच चुण्यांची यायची. आई पहिल्याच दिवशी इस्त्री करायची."

"तरीच," तू म्हणालास. "तुमच्या घरात कुणाच्या काही लक्षात राहत नाही, ते तरीच."

याला उत्तर मला फार उशिरा सापडलं. बांधणीवाले चुण्या मुद्दाम ठेवून विकतात, गिऱ्हाइकाला दाखवायला, की बघा, हे हाताने बांधलंय, छापलेलं नाही. म्हणजे कापडाने लक्षात ठेवायचं असतं हे त्यांनाही ठाऊक आहे. म्हणजे तू हरलास. हे मी तू घरी परत आलास की ऐकवणार होतो. हॉस्पिटलमध्ये सांगून उपयोग नव्हता, तिथे तू कशालाही "बरं" म्हणायला लागला होतास. भांडणात मजा राहिली नव्हती.

गराजमधून गाडी बाहेर गेली आणि पिंप आत आलं. झाकण काढलं की असा वास सुटायचा, की शेजारच्या बाईंनी ड्रेन तुंबलं म्हणून कौन्सिलला फोन केला. तू त्याला गव्हाचा कोंडा घालायचास, थंडीत जुन्या ब्लँकेटात गुंडाळायचास, सकाळी उठून आधी त्याला बघायला जायचास. "मी तापाने फणफणले होते तेव्हा एवढी विचारपूस नव्हती," वहिनी म्हणायच्या. कापड पिंपातून वर यायचं ते हिरवं. हवा लागली की आपल्या डोळ्यांदेखत निळं होत जायचं. तेवढा वेळ तू कुणाला बोलू द्यायचा नाहीस. मला गप्प करू शकणारी आपल्या अख्ख्या मिल्टन कीन्समधली ती एकमेव गोष्ट.

नखांतली नीळ मात्र निघायची नाही. ओळखीतून तुझा एक इंटरव्ह्यू जमवला, तेव्हा मला त्या नखांचीच धास्ती. म्हणून तुला न विचारता मी त्या साहेबाला आधीच हळूच सांगून ठेवलं, हातांकडे लक्ष देऊ नका, त्वचेचा आजार आहे, पसरणारा नाही. तो बिचारा सज्जन माणूस. सगळं झाल्यावर त्याने अगदी हलक्या आवाजात विचारलं, हा त्रास कधीपासून आहे? तू म्हणालास, "सप्टेंबरपासून. आता बायकोलाही लावायचा विचार आहे." नोकरी मिळाली नाही. बाहेर कार पार्कमध्ये येऊन तू मला ज्या शिव्या दिल्यास त्या अस्सल होत्या, पण एका शिवीच्या मध्यावर तुला हसू फुटलं आणि तू फुटपाथच्या कडेला बसलास. तुझी सगळ्यात चांगली आठवण कोणती असं कुणी विचारलं तर मी ती सांगेन. आणि ती खरी सगळ्यात चांगली नाही.

खरी ती माझी आई गेली तेव्हाची. विमान मिळेपर्यंत तिकडे पुण्यात सगळं उरकलं होतं. म्हणजे जाण्याचंही कारण उरलं नाही. मी तुझ्याकडे आलो. तू चहा विचारला नाहीस, कसं झालं विचारलं नाहीस. गराजमध्ये नेलंस, स्टूल दिलंस, झाकण काढलंस आणि एक कापड वर ओढलंस. हिरवं. मग हळूहळू निळं. मग दुसरं. मग आणखी एक. बुडवायला काही उरलं नाही तेव्हा अंगातला शर्ट काढून बुडवलास आणि बनियनवर कुडकुडत उभा राहिलास. अख्खी संध्याकाळ आपण एक शब्द बोललो नाही. मला तोवर माहीत नव्हतं, की कुणाच्या दुःखाशेजारी असंही नुसतं उभं राहता येतं. नंतरही फारसं जमलं नाहीच.

तुझ्या आजाराचं निदान झालं तेव्हा तुला हॉस्पिटलला नेण्याआणण्याचं काम मी मागून घेतलं. पण तुला माहीत आहे, बोलण्याच्या नादात राउंडअबाउटवरचा फाटा माझा हमखास चुकतो. एकदा तर एकाच राउंडअबाउटला आपली प्रदक्षिणा चालली होती. तू सीटवर मान टाकून डोळे मिटून म्हणालास, "मध्या, निदान इमारतीत नेऊन तरी मार."

औषधांनी तुझ्या बोटांच्या टोकांना काही कळेनासं झालं. दोरा हातात आहे की सुटलाय हे तुला डोळ्यांनी बघावं लागायचं. नेमक्या त्याच दिवसांत तू हे कापड बांधायला घेतलंस, वॉर्डात, उशीला टेकून. नर्सला वाटलं, कुणी साळिंदराचं खेळणं आणून दिलंय. वरच्या ओळी ज्वारीच्या दाण्याएवढ्या, एकसारख्या. खाली खाली येताना सुळके मोठे, सैल, एकमेकांपासून लांब. शेवटच्या ओळीत नुसतीच दोऱ्याची भेंडोळी. मी विचारलं, "काय रे, शेवटी शेवटी कंटाळलास काय?"

तू म्हणालास, "हो."

तन्वीने सुट्टी काढून ते निळीत बुडवलं. तू गराजच्या दारात कोट, मफलर, टोपी घालून खुर्चीवर बसून तिच्यावर ओरडत होतास. दोरे तुला सोडवेनात, ते तिने आणि वहिनींनी सोडले. त्यानंतर पिंपात तुझा हात गेला नाही. नखं वाढली, कापली गेली, आणि कधी तरी नीळ संपली. शेवटचं पाहिलं तेव्हा तुझे हात पांढरेस्वच्छ होते. कुठल्याही साहेबाला दाखवावे असे. मला ते ओळखू आले नाहीत.

आणि ती एक दुपार. वहिनी खाली कॅन्टीनमध्ये गेल्या होत्या. तू खिडकीकडे बघत होतास. म्हणालास, "मध्या, खरं सांगू का, मला ना..." आणि थांबलास. इतक्या वर्षांत तुझा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. गप्प बसायचं होतं, अव्या. एवढंच करायचं होतं. मी म्हणालो, "कळलं. इथलं कस्टर्ड तुला आवडलंय आणि सांगायची लाज वाटतेय." तू हसलास, आलेल्या पाहुण्यासाठी हसतात तसा. म्हणालास, "हो, तसंच काहीसं." आणि डोळे मिटलेस. कस्टर्ड! माणूस जिवावरचं काही सांगायला तोंड उघडतो आणि या मध्याच्या तोंडातून कस्टर्ड निघतं.

तर, शनिवार. तन्वी रडून शांत झाल्यावर वहिनींनी तुझ्या क्लासच्या बाईंना फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. "तुम्ही सांगा, काय केलंत ते." मी सांगितलं. मग बाई म्हणाल्या, खुणा आहेत ना? त्याच खुणांवर पुन्हा बांधा, वाफ द्या, पुरतं वाळल्याशिवाय दोरे सोडू नका. खुणा होत्या. इस्त्रीने रंग जात नाही. जिथे जिथे तू दोरा आवळला होतास तिथे तिथे फिकं कडं शिल्लक होतं.

"नको," तन्वी म्हणाली. "मग ते आपले बोटं होणार. बाबाचे नाही."

"उद्या लोक येणार आणि भिंत रिकामी आहे," वहिनी म्हणाल्या. "बाबांचा ब्लेझरमधला फोटो काढू?"

"आई, तू नाही लावणार तो."

"मग दोरा घे."

जेवणाच्या टेबलावर आम्ही तिघं बसलो. तन्वीचा हात तुझ्यासारखा चालतो. चिमूट, वेढे, गाठ, पुढची चिमूट. वहिनी जोर लावून आवळत होत्या, कुणाचा तरी राग काढल्यासारख्या. मला एक कोपरा दिला होता. माझी एकही चिमूट टिकेना, दोरा फिरवेपर्यंत सुटायची.

"काका, तू आवळतच नाहीस."

"तुटेल गं दोरा."

"तुटू दे. दुसरा घे."

मधे मी तुझे दोन किस्से सांगितले. वहिनी एकाला हसल्या. तन्वीने मान वर केली नाही. वरच्या ओळी झाल्या, मधल्या झाल्या, आणि खालच्या सैल, वाकड्या कड्यांपाशी आल्यावर तिने कापडावर आडवा हात ठेवला.

"हे नाही बांधायचे."

"अगं, अर्धवट दिसेल," मी म्हणालो.

"बाबा इथे नीट नाही बांधू शकला. आपण नीट बांधलं तर ते खोटं होईल."

वहिनींनी तिच्याकडे पाहिलं, हातातली दोऱ्याची रीळ खाली ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन मोदकपात्र काढलं. बांधलेलं कापड आवळून एवढंसं होतं, त्यात बरोबर मावलं. झाकणाखालून वाफ यायला लागली, त्या वाफेला पिंपाचा वास. गराजचा. तुझा. तिघंही गॅसपाशी उभे राहिलो. कुणी काही बोललं नाही. मीही नाही, याची नोंद घे.

"या भांड्यात आता गणपतीला मोदक होणे नाही," वहिनी शेवटी म्हणाल्या. "तुम्ही आणायचेत, भावजी. दरवर्षी."

रेडिएटरवर वाळवून रविवारी सकाळी दोरे सोडले. वरचे सुळके उभे राहिले. पूर्वीइतके टोकदार नाहीत, काही तर डुलकी लागल्यासारखे कललेले. माझा कोपरा बघण्यासारखा नाही. खालच्या ओळी सपाट, नुसती वाकडी कडी. तन्वीने वरून खालपर्यंत सावकाश हात फिरवला आणि म्हणाली, "ओके. लाव." मी खिळ्यावर लावलं. तुझं वाटत नव्हतं. तुझं नाही असंही वाटत नव्हतं.

लोक आले. फोटो नसल्यामुळे नमस्कार कशाला करायचा ते कुणाला कळेना. स्टॅनमोरहून आलेल्या एका जोडप्याने फुलं कापडाखाली जमिनीवर ठेवली. एका काकूंनी मला विचारलं, "ही बांधणी ना हो?" मी तोंड उघडलं आणि मिटलं. मग कुणी तरी म्हणालं, मधू, तू बोल दोन शब्द. मी उठलो आणि इंटरव्ह्यूचा किस्सा सांगितला. माझ्या आवाजात, तुझ्या आवाजात, साहेबाच्या आवाजात. सगळी खोली हसली, डोळे पुसत हसली. मला वाटलं, चला, एवढं तरी जमलं.

लोक गेल्यावर तन्वी वर जाऊन झोपली. मी खुर्च्या एकावर एक रचत होतो, वहिनी कप गोळा करत होत्या. आणि माझ्याच्याने राहवलं नाही. मी त्यांना ती दुपार सांगितली. कस्टर्डसकट.

"तो काहीतरी सांगणार होता, वहिनी. मी सांगू दिलं नाही. तुमच्यापाशी काही बोलला होता का?"

"हो," त्या म्हणाल्या.

"काय?"

त्यांनी कपांचा ट्रे उचलला.

"ते माझ्यापाशीच राहू दे, भावजी. तुम्हाला कळलं असतं तर आज तुम्ही तेही सगळ्यांना हसवून सांगितलं असतंत."